बाटिरची हरकत

शिमकेंतमध्ये लग्न म्हटलं की ओराझबेकच हवा, असं म्हणणारी बरीच माणसं होती आणि त्यांत सगळ्यात मोठा आवाज ओराझबेकचाच असायचा. हातात माईक घेऊन पाहुण्यांना हसवायचं, रडवायचं, एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या व्याह्यांना एका ताटात जेवायला लावायचं, हा त्याचा धंदा. अंगात सोनेरी जरीचा निळा मखमली झगा, डोक्यावर टोपी, पोट जरा पुढे. संसारावर तो असं काही बोलायचा की नवरदेवाच्या आत्या डोळ्यांना पदर लावायच्या. ‘‘एक छप्पर, एक चूल, एक शब्द!’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्याचा स्वतःचा गळासुद्धा भरून यायचा.

या गृहस्थाला छपरं दोन होती आणि चुलीही दोन. शब्द किती होते, ते मोजायच्या भानगडीत पडू नये. पहिलं घर कुलांदाचं. तिच्यापासून झालेले दोन मुलगे वाढून अस्तानाला नोकरीलाही लागले होते. दुसरं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, लग्नाचे केक करणाऱ्या मेरुएर्तचं. मुल्लाने दोन आयती वाचल्या, दोन साक्षीदारांनी पुलाव खाल्ला आणि काम झालं. अशा बायकोला आमच्याकडे टोकाल म्हणतात. सरकारी कागदावर ती कुणाचीच नसते, आणि गावात ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त पहिल्या बायकोला ठाऊक नसतं, असं समजायची पुरुषांची पद्धत आहे. ओराझबेकही तसंच समजत होता. तुर्किस्तान शहरात लग्न, सारिआगाशला लग्न, तिथेच मुक्काम, अशी सोय त्याच्या धंद्यातच होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाटिर मुतायला लागला.

बाटिर म्हणजे कुलांदाचा बोका. राखाडी, रुंद तोंडाचा, लहानपणीच खच्ची केलेला. मुलगे गेल्यावर घर खायला उठतं म्हणून तिने आणलेला. न्हाणीघरात कपडे धुण्याच्या मशीनशेजारी त्याचा वाळूचा ट्रे असायचा आणि बाटिर त्यात इतक्या शिस्तीत सगळं उरकून वर वाळू लोटायचा की शेजारणी आल्या तर कुलांदा त्यांना मुद्दाम दाखवायची. शरद ऋतू लागला आणि त्या शिस्तीला दृष्ट लागली. आधी ओराझबेकच्या सपाता गेल्या. मग त्याची प्रवासाची बॅग गेली. आणि एके दिवशी कुलांदाने आतल्या खोलीतून हाक मारली.

‘‘अहो, तुमचा झगा ओला झालाय.’’

‘‘ओला म्हणजे? खिडकी उघडी ठेवलीस काय?’’

‘‘खिडकी बंद आहे. या नि वास घेऊन बघा.’’

ओराझबेकने वास घेतला आणि तोंडातून असा काही शब्द काढला की लग्नात कुणी काढला असता तर त्याने माईकच बंद केला असता.

त्यानंतर घरात उपायांची रांग लागली. शेजारची वालेन्तिना म्हणाली, वाळू बदला, जाड वाळू त्यांच्या पायांना टोचते. बारीक वाळू आणली. बाटिरने ती नीट वापरली आणि बाहेर येऊन ओराझबेकच्या बुटांनाही न्याय दिला. मग मोठा ट्रे आणला. मग दुसरा ट्रे आणून व्हरांड्यात ठेवला, कारण कुणीतरी सांगितलं, मशीन गरगरली की मांजरं भितात. कुलांदाची बहीण जाउरेश आली, तिने घरात पाऊल टाकताच जाहीर केलं, ‘‘नजर लागलीये. धूर दाखवा.’’ तिने आदिरस्पानच्या वाळक्या झुडपाची जुडी पेटवली, घरभर धूर केला आणि शेवटी दोन्ही ट्रेमध्येही भरपूर धूर केला. धुराचा वास जाईपर्यंत बाटिर ट्रेकडे फिरकला नाही, त्याने आंघोळीच्या टबात सोय केली. कुलांदाने दोन्ही ट्रे घासले आणि बहिणीला सांगितलं, ‘‘ताई, यापुढे माणसांना धुरी दे. जनावर माझं मी बघते.’’

‘‘बोका घराबाहेर काढ!’’ ओराझबेक ओरडला. ‘‘माझी बाइबिशे आहेस ना तू, घरच्या मालकाचा मान आहे की नाही?’’

बायकोला लाडाने बाइबिशे म्हणायची त्याला सवय होती. बाइबिशे म्हणजे घरातली थोरली, मानाची बायको. कुलांदा शांतपणे झगा चोळत होती.

‘‘थोरली म्हणता, म्हणजे धाकटी कुठे ठेवलीये?’’

‘‘झालं तुझं सुरू!’’

‘‘गंमत केली हो. पण बाटिर कुठे जाणार नाही. या घरात तो आजवर खोटं वागलेला नाही.’’

ओराझबेकने ते चेष्टेवारी नेलं. त्याला दुसरीच काळजी होती. मेरुएर्तकडेही तोच प्रकार सुरू झाला होता. तिची नुकतीच आणलेली मांजर झेफिर, पांढरी, लांब केसांची, साखरेच्या पाकातून काढल्यासारखी, दिवसभर त्याच्या मांडीवर लोळायची, कॉलरला गाल घासायची आणि तो दाढी करायला गेला की त्याच्या कोटाच्या टोपीत बसून मोकळी व्हायची. दोन घरांत दोन बायका एकच वाक्य बोलत होत्या, ‘‘फक्त तुमच्याच वस्तूंवर का हो?’’ बिचाऱ्याची खात्रीच पटली की आपल्याच अंगात काहीतरी बिघडलंय. त्याने गुपचूप रक्त तपासून घेतलं. साखर नव्हती. मग तो हमामात जाऊन अंग सोलून निघेपर्यंत घासून आला आणि घरी येऊन जुनाच कोट चढवला.

खरी अब्रू गेली ती लेंगेरच्या एका लग्नात. हॉल तापवलेला, पाहुणे पाचशेच्या वर, ओराझबेक रंगात आलेला. वधूला सासरच्या माणसांची ओळख करून द्यायचा विधी चालू होता. त्याला आमच्याकडे बेताशार म्हणतात. वधूच्या तोंडावरचा पदर बाजूला करून एकेका थोराचं नाव पद्यात घ्यायचं आणि प्रत्येक नावाला तिने वाकायचं. मखमल गरम होत गेली तसा धुतलेला वास पुन्हा जिवंत झाला. ‘‘ही तुझी सासू, दुधासारखी निर्मळ,’’ असं त्याने म्हणायला आणि पहिल्या रांगेतल्या आजीने मोठ्याने म्हणायला एकच गाठ पडली, ‘‘कुणीतरी मुतलंय गं इथे!’’ सासूने चमकून स्वतःकडे पाहिलं. हॉल खदखदून हसला. ओराझबेकने वाकून हात जोडले, चार विनोद केले, पण पुढचं लग्न त्या घराने दुसऱ्याला दिलं.

‘‘डॉक्टरकडे न्या त्याला,’’ दुसऱ्या दिवशी कुलांदा म्हणाली. ‘‘बाजाराच्या मागे लारिसा पेत्रोव्ना म्हणून आहेत. तुम्हीच जा. माझा गुडघा धरलाय.’’

‘‘मी? बोक्याला घेऊन?’’

‘‘मुततो तुमच्यावर. प्रश्नही तुम्हीच विचारा.’’

लारिसा पेत्रोव्ना ही त्यान आडनावाची, साठीची कोरियन बाई. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने बाटिरला टेबलावर ठेवलं, पोट दाबून पाहिलं, मूत्र तपासलं. ओराझबेकने नाव सांगितलं तशी तिने चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं.

‘‘तुम्हीच का ते?’’

‘‘हो, मीच,’’ ओराझबेक खुलला. ‘‘कुठल्या लग्नात पाहिलंत?’’

‘‘लग्नात नाही.’’ ती कागदाकडे वळली. ‘‘खडे नाहीत, रक्त नाही, जंतू नाहीत. बोका ठणठणीत आहे. ट्रे रोज साफ होतो?’’

‘‘आमची बायको माझ्या ताटाआधी त्याचा ट्रे बघते.’’

‘‘वाळू बदलली, जागा बदलली, धूर केला, सगळं करून झालंय. असंच ना? आता मला सांगा, हा बाहेर करतो तेव्हा बसून करतो की उभ्याने?’’

‘‘उभ्याने. पाठ माझ्या झग्याकडे, शेपटी वर, शेपटीचं टोक थरथरतं. वर माझ्याकडे बघतो, बेशरम.’’

‘‘मग हे मुतणं नव्हे. पोट मोकळं करायला तो ट्रेमध्येच जातो ना? जातो. ही हरकत आहे. या जागेला मालक आहे, परक्याने यायचं नाही, असं तो लिहून ठेवतोय. आजारी मांजर ट्रे सोडतं, ट्रे घाण असेल तर सोडतं, ट्रेची भीती बसली तर सोडतं. तुमच्या बोक्याने ट्रे सोडलेलाच नाही. त्याने तुम्हाला धरलंय.’’

‘‘मी काय केलं त्याला?’’

तिने चिमटा उचलला, त्याच्या कॉलरवरून एक लांब पांढरा केस काढला आणि बाटिरच्या नाकाशी धरला. बाटिरचे कान मागे गेले.

‘‘हे केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘लांब केसांचं, प्रेमळ मांजर. गाल घासणारं. अधूनमधून नाही, सारखं भेटणारं.’’

ओराझबेकला आयुष्यात पहिल्यांदा वाक्य शोधावं लागलं. ‘‘हॉलमध्ये... केटरिंगवाल्यांकडे मांजरं असतात, डॉक्टर. चिकटतात.’’

‘‘असतील. दोन उपाय आहेत. पहिला, त्या मांजराकडे जाणं बंद करा.’’

टेबलावर बाटिर पाय चाटत होता.

‘‘आणि दुसरा?’’ ओराझबेकने विचारलं.

लारिसा पेत्रोव्नाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘दुसराही आहे. वेळ लागतो. स्वच्छ फडकं घ्या, त्या मांजराच्या गालावर घासा, ते याच्या खाण्याच्या ताटलीजवळ ठेवा. आधी लांब, मग रोज थोडं जवळ. याचं फडकं तिकडे न्या. वास आला की चांगलं खायला मिळतं, हे डोक्यात बसलं की परकं परकं राहत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. विचारलंत म्हणून सांगितलं. माणसांचं मी बघत नाही.’’

दुसरा कुणी असता तर त्या टेबलाशीच त्याला घाम फुटला असता. ओराझबेकला हायसं वाटलं. इतके महिने त्याला धास्ती होती ती आपल्या अंगाची, देवाची, नजरेची. आणि शेवटी निघालं काय, तर ओळख करून देण्याचं काम! तेच तर तो जन्मभर करत आला होता. गाडीत बसल्यावर तो पिंजऱ्यातल्या बाटिरला म्हणाला, ‘‘साल्या, आधी नाही का सांगायचंस? तुझा बेताशार मी करतो.’’

आणि त्याने खरंच केला. मोठ्या मेहनतीने केला, असं म्हणायला हवं. कुठल्याही घरात त्याने कधी इतकं काम केलं नव्हतं. मेरुएर्तकडे झेफिरच्या गालावर फडकं घासायचं, ते डब्यात बंद करून आणायचं, कुलांदा बाजारात गेली की बाटिरच्या ताटलीपाशी पसरायचं आणि वर घोड्याच्या मांसाचा तुकडा ठेवायचा. शेजारी उकिडवं बसून तो हलक्या आवाजात गायचा, ‘‘ही झेफिर, पांढरी शुभ्र, मनाने गरीब, तुझा मान राखील, वाक गं झेफिर, थोरल्याला वाक.’’ बाटिर आधी फडक्यावर फुसफुसला. मग मांस ओढून दूर नेऊन खाल्लं. मग जागच्या जागी खाल्लं. तिकडे झेफिरपुढे उलटा कार्यक्रम. मेरुएर्तने विचारलं तर तो म्हणाला, ‘‘औषधाचं फडकं आहे, डॉक्टरने दिलंय.’’ ती भोळी नव्हती, पण तिच्याकडे चार मजली केकची ऑर्डर होती.

वसंतातला नवरोझचा सण जवळ येईपर्यंत दोन्ही घरं कोरडी झाली. बाटिर आता ओराझबेक दारात आला की त्याच्या पायात घोटाळायचा, पांढरे केस चिकटलेल्या कॉलरचा वास घेऊन डोळे मिटायचा. झगा नवा करून आणला होता. ओराझबेकने लग्नाची दोन जुनी गिऱ्हाइकं परत मिळवली, एक नवीन जोडलं आणि संसारावरच्या भाषणात दोन ओळी वाढवल्या. आपण जगातला सगळ्यात हुशार नवरा आहोत याबद्दल त्याला शंका उरली नाही.

अशाच एका दुपारी तो स्वयंपाकघरात बसला होता. चहाचा समोवार सुरसुरत होता, ताटात तळलेल्या कणकेचे गरम बाउरसाक होते, बाटिर त्याच्या मांडीवर पसरला होता. कुलांदा दुधाचा चहा ओतत होती.

‘‘बघितलंस, बाइबिशे?’’ तो बोक्याच्या गळ्याखाली खाजवत म्हणाला. ‘‘सुधारला की नाही गडी? थेंब नाही कुठे.’’

‘‘हो,’’ कुलांदा म्हणाली. ‘‘बऱ्याच दिवसांत नाही.’’

‘‘मग तोंड का पाडलंयस? खूश हो की.’’

तिने त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली. ओराझबेकने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. वाटी काठोकाठ भरली होती. आमच्याकडे माणूस हवासा असेल तर वाटी अर्ध्याहून कमी भरतात, म्हणजे पुन्हा मागेल, पुन्हा ओतता येईल. काठोकाठ भरली की पिऊन निघायचं, हे पोरासोरांनाही कळतं. ओराझबेकने तर कैक लग्नांत हे विनोद करून सांगितलं होतं.

‘‘हे काय?’’

‘‘चहा.’’

‘‘कुलांदा, जास्त झाला गं. हात चुकला तुझा.’’

‘‘नाही चुकला.’’ ती समोर बसली. ‘‘लारिसा पेत्रोव्नांकडे तुझ्याआधी मी गेले होते.’’

एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. बाटिर मांडीवर घुरघुरत होता आणि ओराझबेकला वाटलं, याला आता गप्प बसवावं.

‘‘त्या बाईंनी मला जे सांगितलं तेच तुला सांगितलं. दोन उपायही सांगितले. मी म्हटलं, हे मी नाही करणार, मी त्यांनाच पाठवते. माझा गुडघा काही दुखत नव्हता. मला वाटलं, माणूस आहे, लाजेल. मांजराने पकडलं म्हणून तरी लाजेल. घरी येईल, असा समोर बसेल, सांगेल. मी शिव्या देईन, ताटं फोडेन, जाउरेशला बोलावीन, मग बघू. त्या दिवशी मी घोड्याचं मांस शिजत घातलं होतं, आठवतं? तू आलास, पोटभर जेवलास आणि म्हणालास, वाळूचाच दोष होता.’’

‘‘कुलांदा, ऐक...’’

‘‘तुझं खूप ऐकलं. तू आणि फडकं. मला ते पहिल्याच दिवशी सापडलं, कपाटामागच्या डब्यात. मी परत ठेवलं. म्हटलं, बाटिर ऐकणार नाही. हा माझ्यासारखा मऊ नाही.’’ तिने हातानेच डोळे पुसले. ‘‘हिवाळाभर हा माझ्या बाजूने मुतत होता रे! मला जे तुला तोंडावर सांगता येत नव्हतं ते हा रोज सांगत होता. मी तुझा झगा धुवायचे नि मनात म्हणायचे, शाब्बास. आणि तू त्यालाही मांस घालून फोडलंस. आता या घरात ती बाई फक्त मलाच परकी आहे.’’

ओराझबेकने तोंड उघडलं. त्याच्याजवळ सासऱ्यांसाठी पद्य होतं, भांडखोर जावांसाठी होतं, दारू प्यायलेल्या मामासाठी तर तीन होती. इथे त्याला एवढंच सुचलं, ‘‘ती वाईट नाहीये गं. तुझा मान राखेल.’’

आणि बोलता बोलताच त्याला आठवलं की हे आपण मांजरापुढे म्हटलेलं आहे.

कुलांदा हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने आता पुसलं नाही. ‘‘चहा पी,’’ ती म्हणाली. ‘‘बॅग दारात आहे. झगा वर ठेवलाय, चुरगळू नकोस. मुलांना मी सांगितलंय. ते येतील तेव्हा तूही तुझं सांग.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दिवस कसले मोजतोस? हा काय तुर्किस्तानचा मुक्काम आहे?’’

त्याने वाटी उचलली. ती इतकी भरलेली होती की सांडल्याशिवाय ओठाला लागेना. चहा शर्टावर सांडला, त्याने तसाच घोट घेतला, जीभ भाजली, आणि पुरा केला. तिने दुसरी वाटी ओतली नाही.

दारात तो बूट घालायला वाकला तसा बाटिर धावत आला. बुटांना गाल घासले, बॅगेला घासले, झग्याच्या लोंबत्या बाहीखाली पाठ वाकवून उभा राहिला आणि मोठ्याने घुरघुरू लागला. उंबरा ओलांडून तो ओराझबेकच्या मागे जिन्यातही आला. निघताना वाईट वाटणारा त्या घरात हा एकटाच निघाला, आणि त्याला लाच देऊन ठेवलेली होती.

कुलांदाने वाकून बोक्याला उचललं. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. ‘‘चल आत, फितुरा,’’ एवढं म्हणून तिने दार लावलं.

ओराझबेक बॅग घेऊन तिथेच उभा राहिला. खाली जावं, गाडी काढावी, दुसऱ्या टोकाला एक घर आहे, सगळं त्याला कळत होतं, पण तो जिना उतरला नाही. दाराआडून कुलांदाचा आवाज यायला लागला. ती बाटिरला शिव्या देत होती. बेइमान म्हणत होती, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणत होती, तुला पोटच्या पोरासारखा वाढवला आणि तू एका तुकड्यासाठी मला विकलंस म्हणत होती, आणि मध्येच हुंदका अडकून थांबत होती. संसाराच्या इतक्या वर्षांत तिने असे शब्द तोंडातून काढलेले त्याने ऐकले नव्हते. त्यातली एकही शिवी बोक्याची नव्हती. बाटिर मात्र सगळ्या निमूट ऐकून घेत होता.